तगर नगराची माती : तेरच्या संग्रहालयातील कलावस्तू आणि आपला इतिहास

महाराष्ट्रातील बौद्ध अवशेषांचा विषय निघाला म्हणजे आपल्या लोकांच्या डोळ्यांसमोर प्रथम लेणी उभी राहतात. अजिंठा, वेरूळ, कार्ले, भाजे, कान्हेरी, नाशिक ही नावे आता घराघरांत परिचित झाली आहेत. उपासक-उपासिकांच्या सहली तिकडे जातात, लहान मुले स्तूपापुढे उभी राहून त्रिशरण म्हणतात, हे समाधानाचे आहे. परंतु लेणी डोंगरात असली तरी लेण्यांना दान देणारी माणसे डोंगरात राहत नव्हती. ती नगरांत राहत होती. कोणी वस्त्र विणीत होते, कोणी मडकी घडवीत होते, कोणी सुगंधी द्रव्ये विकीत होते, कोणी गाड्यांचे तांडे घेऊन घाट उतरत होते. लेण्यांच्या भिंतींवर त्यांची नावे आहेत. ती ज्या नगरांतून आली त्या नगरांकडे मात्र आपण क्वचितच जातो. प्रस्तुत लेखात आम्ही अशाच एका नगराचा आणि त्या नगराच्या उरल्यासुरल्या वस्तू जेथे मांडल्या आहेत अशा एका खेडेवजा गावातील संग्रहालयाचा विचार करणार आहोत. ते गाव म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील तेर.

तेरणा नदीच्या काठी वसलेले हे गाव वारकरी परंपरेत संत गोरा कुंभारांचे गाव म्हणून प्रसिद्ध आहे. त्याहून हजार-बाराशे वर्षे मागे गेलो तर हेच गाव 'तगर' या नावाने समुद्रापलीकडे प्रसिद्ध होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका अनामिक ग्रीकभाषिक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची जी माहिती लिहून ठेवली, तिला 'पेरिप्लस' या नावाने ओळखतात. त्यात दक्षिणापथातील दोन मोठ्या बाजारपेठांचा उल्लेख आहे. भडोचपासून दक्षिणेकडे वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि पैठणच्या पूर्वेस आणखी दहा दिवसांच्या वाटेवर तगर. पैठणहून मौल्यवान खडे येत आणि तगरहून साधे कापड, तलम मलमल व इतर प्रकारची वस्त्रे येत. हा सारा माल धड रस्ते नसलेल्या प्रदेशातून गाड्यांवर लादून भडोचला नेला जाई. टॉलेमीच्या भूगोलातही तगर आहे. पुढे शिलाहार राजे स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत. त्यांची राज्ये कोकणात आणि कोल्हापुराकडे होती. पण मूळ स्थान म्हणून मिरवावे असे नाव त्यांना तगरचेच वाटले.

एवढे मोठे नगर कोठे होते, हे मात्र लोक विसरून गेले. कोणी ते देवगिरी म्हणे, कोणी जुन्नर. १९०१ साली जे. एफ. फ्लीट या पुराभिलेखतज्ज्ञाने लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात लेख लिहून तगर म्हणजेच तेर, असे प्रतिपादन केले. पाठोपाठ हेन्री कझिन्स यांनी तेरला भेट देऊन तेथील वास्तूंची पाहणी केली आणि पुरातत्त्व खात्याच्या १९०२-०३ च्या वार्षिक वृत्तांतात तिची माहिती प्रसिद्ध केली. तेर त्या काळी निजामाच्या राज्यात होते. १९४८ पर्यंत ते तेथेच राहिले, आणि पद्धतशीर उत्खनन व्हावयास १९५८ साल उजाडावे लागले. ते बी. एन. चापेकर यांनी केले. त्याचा अहवाल छापून यावयास १९६९ साल यावे लागले. अहवालांचा हा वेग आपल्याकडे नवलाचा नव्हे. त्यानंतर १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि पुन्हा १९७४-७५ मध्ये तेथे उत्खनने झाली. सातवाहनकालीन वस्तीचे थर, रोमन व्यापाराच्या खुणा आणि विटांच्या स्तूपाचे अवशेष त्यांतून उजेडात आले.

तथापि तेरची खरी संपत्ती उत्खननाच्या चौकोनी खड्ड्यांतून फारशी आलेली नाही. ती पावसाने वर आणली आणि रामलिंगप्पा लामतुरे यांनी वेचली. गावाच्या सभोवती जुन्या वस्तीच्या टेकड्या आहेत. मराठवाड्यात अशा जागेला पांढर म्हणतात. शेकडो वर्षांच्या राहत्या घरांची राख, भिंतींची माती, शेण, कोळसा, हाडे मिसळून तेथील जमीन पांढुरकी होते. माळवदाच्या घरांवर पावसाळ्यापूर्वी माती टाकावी लागते आणि त्यासाठी ही पांढरी माती उत्तम. शेतात खत म्हणूनही ती गाड्या भरभरून नेत. अशा रीतीने गावोगावच्या पांढरी खणल्या गेल्या आणि दोन हजार वर्षांपूर्वीचे नगर लोकांच्या छपरांवर आणि शेतांत पसरले गेले. पाऊस पडून गेला की टेकडीच्या उतारावर मणी, नाणी, मातीची मुंडकी उघडी पडत. मुले ती खेळायला नेत. लामतुरे हे तेरचेच रहिवासी. त्यांनी या वस्तू स्वतः वेचल्या आणि लोकांनी आणून दिलेल्या जपून ठेवल्या. त्यांच्यापाशी ना पुरातत्त्वाची पदवी होती ना कोणत्या संस्थेचे पाठबळ. औंधच्या संग्रहालयामागे एक संस्थानिक होता, पुण्याच्या केळकर संग्रहालयाला शहरातील विद्वानांचा शेजार होता. तेरच्या संग्रहामागे एका खेड्यातील माणसाची चिकाटी होती, इतकेच. ब्रिटिश म्युझियमचे डग्लस बॅरेट यांनी १९६० साली तेरवर छोटेखानी पुस्तक लिहिले आणि हा संग्रह विद्वानांच्या जगात पोहोचला. पुढे तो शासनाकडे आला व आज तेथे लामतुरे यांच्याच नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय आहे.

अशा तऱ्हेने जमलेल्या संग्रहाची एक मर्यादा आहे आणि ती वाचकांनी प्रारंभीच ध्यानात घ्यावी. टेकडीवरून उचललेली वस्तू कोणत्या थरातील होती, तिच्या शेजारी काय होते, ती घरातील होती की विहारातील, हे सांगता येत नाही. तिचे वय आणि तिचा उपयोग ठरवावयाचा तो तिच्या घडणीवरून आणि अन्यत्र सापडलेल्या तशाच वस्तूंवरून. म्हणून या संग्रहालयात 'हे बौद्ध' आणि 'हे अबौद्ध' अशा दोन रांगा करता येत नाहीत. आमच्या मते हेच तेरचे वैशिष्ट्य आहे. आपल्याला लेण्यांनी अशी सवय लावली आहे की स्तूप दिसला, बुद्धमूर्ती दिसली, की आपण आपल्या घरी आलो असे वाटते. तेरला सहलीने आलेली आपली मंडळी बुद्धरूप शोधतात, मातीच्या स्त्रीमूर्ती, मणी, दिवे, खापरे पाहतात आणि दहा मिनिटांत बाहेर पडतात. हे आम्ही पाहिले आहे. वस्तुतः तगर भरभराटीला होते त्या काळाच्या आरंभी मनुष्यरूपात बुद्धमूर्ती घडविण्याची प्रथा दक्षिणेत नव्हती. पाऊलठसे, बोधिवृक्ष, चक्र, स्तूप यांतूनच तथागतांचा निर्देश केला जात असे. त्या काळच्या कपाटात ध्यानस्थ बुद्ध शोधणे म्हणजे जे नव्हते ते शोधणे आणि जे आहे ते न पाहणे.

मग तेथे आहे तरी काय? सर्वांत प्रसिद्ध आहे ती हस्तिदंती स्त्रीमूर्ती. वितभराहून लहान असलेली ही मूर्ती अलंकारांनी नटलेली आहे. तिच्या मस्तकात पाडलेले छिद्र पाहून ती आरशाची मूठ असावी, असे अभ्यासकांनी मानले आहे. तिचे महत्त्व कळण्यासाठी आपल्याला इटलीत जावे लागेल. १९३८ साली अमेदेओ मायुरी या पुरातत्त्वज्ञाला पॉम्पेई येथील एका घरात अशीच भारतीय घडणीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. पॉम्पेई हे नगर इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. म्हणजे ती मूर्ती त्यापूर्वीच हिंदुस्थानातून तेथे गेली होती. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिच्या दोन बाजूंस दोन छोट्या दासी उभ्या आहेत आणि तळाशी खरोष्ठी लिपीतील खूण आहे. खरोष्ठी ही वायव्येकडची लिपी असल्याने तिचे मूळ गाव कोणते यावर एकमत नाही. परंतु तेरची मूर्ती तिच्याशी नाते सांगते. त्यात १९७३ साली जालना जिल्ह्यातील भोकरदन येथील उत्खननात अशाच हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा खालचा भाग, तोही दासींसह, मिळाला. तेव्हापासून मराठवाड्यातील कारागिरांचा या कलेशी असलेला संबंध कोणाला नाकारता येईना. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांचीच्या आणि भारहुतच्या स्तूपांना दान देणाऱ्यांत भोगवर्धनचे लोक आहेत, हे तेथील लेखांवरून आपल्याला ठाऊक आहे.

पॉम्पेईची मूर्ती सापडली तेव्हा तिला 'लक्ष्मी' म्हटले गेले आणि हे नाव अजून चालते. तेरच्या मूर्तीविषयीही बोलताना लोक सहज लक्ष्मी म्हणून जातात. येथे आपण थांबले पाहिजे. नाव ही साधी गोष्ट नसते. एकदा लक्ष्मी म्हटले की ती मूर्ती एका विशिष्ट देवघरात जाऊन बसते आणि तिच्या भोवतीचे सारे नगर त्या देवघराचे होते. कमळावर उभी राहिलेली, हत्ती जिच्यावर पाणी ओतीत आहेत अशी स्त्री सांचीच्या तोरणांवर आणि भारहुतच्या कठड्यावर आहे. भारहुतला तर एका स्त्रीमूर्तीखाली 'सिरिमा देवता' असे नावच कोरलेले आहे. यक्ष आणि यक्षी स्तूपांच्या दारांवर पहारेकरी म्हणून उभे आहेत. आपल्या मराठवाड्यातील पितळखोरे लेण्यात सापडलेल्या यक्षाच्या हातावर कण्हदास नावाच्या सोनाराने तो घडविल्याचे लिहिलेले आहे. तो यक्ष आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तेव्हा या स्त्रीमूर्ती त्या काळच्या सर्व लोकांच्या होत्या. बौद्ध उपासकाच्या घरात त्या होत्या तशा इतरांच्याही घरात होत्या. म्हणून तेरच्या मूर्तीला लक्ष्मी ठरविणे जसे घाईचे, तसे तिला 'बौद्ध यक्षी' ठरवून मोकळे होणेही घाईचे. ती आरशाची मूठ असेल तर कोण्या श्रीमंत स्त्रीच्या प्रसाधनाची ती वस्तू होती, आणि त्या स्त्रीचा धर्म कोणता हे हस्तिदंत सांगत नाही.

मात्र तिला कोरणाऱ्या हातांविषयी थोडे अधिक सांगता येते. सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या दंतकारांनी, म्हणजे हस्तिदंताचे काम करणाऱ्यांनी, ते कोरीव काम केल्याची नोंद आहे. हस्तिदंतावर नाजूक काम करणाऱ्या लोकांनी तीच हतोटी दगडावर वापरली आणि स्तूपाला अर्पण केली. सांचीच्या तोरणांवर इतकी बारीक कलाकुसर का आहे, याचे उत्तर त्या एका ओळीत मिळते. तेरची मूर्ती पाहून आम्हांस विदिशेचे ते दंतकार आठवतात, कारण दगडापूर्वीची त्यांची कला कशी असेल, हे या मुठीएवढ्या वस्तूत दिसते.

दुसरा मोठा समूह आहे तो मातीच्या मूर्तींचा. त्यांतील कित्येक केओलिन या पांढऱ्या, मऊ मातीच्या आहेत. त्या करण्याची रीत पाहण्यासारखी आहे. पुढच्या बाजूचा एक आणि पाठीचा एक असे दोन साचे करीत. दोहोंत माती दाबून दोन अर्धे भाग काढीत, मग ते जोडून सांधा घासून भाजीत. मूर्ती आतून पोकळ राहते, वजनाला हलकी होते आणि भाजताना तडकत नाही. दोन साच्यांची ही पद्धत रोमन संपर्कातून आली असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. पैठण, नेवासे, तेलंगणातील कोंडापूर येथेही अशा मूर्ती मिळाल्या आहेत. तेरच्या मूर्तींचे केशसंभार, कानांतील जड आभूषणे, गळ्यातील पदरापदरांच्या माळा आणि ओठांवरचे हसू पाहत राहावे असे आहे. साच्यातून निघालेल्या असूनही सर्व चेहरे एकसारखे नाहीत, कारण साच्यातून काढल्यावर कारागीर बारीक कोरणीने त्यांत फेरफार करी. या मूर्ती महागाईच्या नव्हत्या. एका साच्यातून कितीतरी निघत. बाजारात त्या विकल्या जात असणार आणि साधी माणसे त्या घेत असणार.

त्यांखेरीज रंगीत खड्यांचे, काचेचे, शंखाचे मणी आहेत. सातवाहनांची नाणी आहेत, रोमन नाण्यांची नक्कल केलेल्या मातीच्या पुतळ्या आहेत, रोमन घाटाचे दिवे आहेत, परदेशी मद्याच्या रांजणांची खापरे आहेत. यांचा तपशील देत बसत नाही. पाहणाऱ्याने कपाटापुढे वेळ काढला म्हणजे पुरे.

चुनखडीच्या कोरीव फलकांचे तुकडे मात्र वगळता येणार नाहीत. त्यांची शैली आंध्रातील अमरावतीच्या महास्तूपाशी नाते सांगते. कृष्णा नदीच्या खोऱ्यातील बौद्ध कला आणि गोदावरीच्या वरच्या खोऱ्यातील लेणी यांच्यामधला दुवा कोणता, असा प्रश्न कलेच्या इतिहासात नेहमी येतो. फ्लीट यांनी दाखविल्याप्रमाणे पूर्व किनाऱ्याकडून येणारे व्यापारी मार्ग तेर, पैठणवरून भडोचकडे जात. ज्या वाटेने कापडाच्या गाड्या गेल्या त्याच वाटेने शिल्पी गेले आणि भिक्खूही गेले. भिक्खूंना व्यापाऱ्यांच्या तांड्याची सोबत लागे, व्यापाऱ्यांना वाटेत विहाराचा आसरा लागे. उत्खननात मिळालेला स्तूप आणि हे फलक एकत्र ठेवून पाहिले म्हणजे तगरला भिक्खुसंघ होता आणि त्याला बऱ्यापैकी दान मिळत होते, हे अनुमान मुळीच ओढूनताणून केलेले वाटत नाही.

गावातील त्रिविक्रम मंदिराचा प्रश्न याहून अवघड आहे. विटांनी बांधलेली ही वास्तू मागच्या बाजूने गोलाकार, म्हणजे गजपृष्ठ आहे आणि तिचे छत अर्धनळ्याच्या आकाराचे आहे. दर्शनी भागावर चैत्यकमान आहे. कार्ल्याचे किंवा भाज्याचे चैत्यगृह डोंगरातून सोडवून मोकळ्या जागी विटांनी उभारले तर ते असेच दिसेल. कझिन्स यांनी ही मूळची बौद्ध चैत्यवास्तू असून पुढे तिचे वैष्णव मंदिर झाले, असे मत मांडले. आंध्रातील चेजर्ला येथील कपोतेश्वर मंदिराची घडणही अशीच आहे आणि दोन्ही वास्तूंची नावे ग्रंथांतून जोडीने येतात. नंतरच्या काही अभ्यासकांना हे मान्य नाही. गजपृष्ठ आकार ही कोणा एका पंथाची मालकी नव्हती, ऐहोळेचे दुर्ग मंदिरही त्याच आकाराचे आहे, असे ते दाखवितात. आमचे मत विचाराल तर कझिन्स यांच्या बाजूचा पुरावा वजनदार आहे, पण तो निर्णायक नाही. आत स्तूपाचा पाया सापडलेला नाही, लेख मिळालेला नाही. आकार चैत्याचा आहे एवढे खात्रीने म्हणता येते, आणि तो आकार विटांमध्ये टिकून राहिलेला महाराष्ट्रात दुसरीकडे असा पाहावयास मिळत नाही, हेही म्हणता येते. या विटांविषयी एक गोष्ट प्रसिद्ध आहे : तेरच्या जुन्या विटा पाण्यावर तरंगतात. मातीत भाताचे तूस मिसळून भाजल्यामुळे त्या आतून सच्छिद्र होतात. एवढ्या मोठ्या विटांचे छत भिंतींना पेलले, त्याचे एक कारण हा हलकेपणा असावा.

आम्ही हे सांभाळून लिहितो याबद्दल काही वाचक कदाचित नाराज होतील. आपल्या चळवळीत प्रत्येक जुने देऊळ म्हणजे विहार, असे म्हणण्याची एक लाट येऊन गेली आणि ती पूर्णपणे ओसरलेली नाही. तिच्यामागची वेदना आम्हांस ठाऊक आहे. ज्यांचा सारा इतिहास पुसला गेला त्यांना प्रत्येक भिंतीत आपली खूण दिसावी, हे स्वाभाविक होय. परंतु परमपूज्य बाबासाहेबांनी या बाबतीत आपल्याला वेगळा धडा घालून दिला आहे. 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ १९४८ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रस्तावनेत पुराव्याची साखळी जेथे तुटलेली असते तेथे संशोधकाने काय करावे, याची त्यांनी मोकळेपणाने चर्चा केली आहे. अनुमान करण्याचा हक्क त्यांनी सोडला नाही. पण अनुमानाला अनुमानच म्हटले आणि वाचकाला ते तपासून पाहण्यास मोकळे ठेवले. तेरच्या त्रिविक्रम मंदिराविषयी आपण 'असावे' म्हणावे आणि स्तूपाविषयी 'आहे' म्हणावे. हे दोन शब्द एकमेकांच्या जागी घातले की आपला जो भक्कम पुरावा आहे त्यावरचाही लोकांचा विश्वास उडतो. स्तूप नाकारू पाहणाऱ्याला आपणच हत्यार देतो.

याच धाराशिव परिसरात, तेरपासून फार दूर नसलेल्या कसबे तडवळे येथे फेब्रुवारी १९४१ मध्ये बाबासाहेबांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदारांची परिषद भरली होती. वतनदार म्हणजे कोण, हे वाचकांना सांगावयास नको. गावगाड्यात गावाची विभागणी 'काळी' आणि 'पांढरी' अशी होती. काळी म्हणजे शेतजमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. गावाच्या शिवेचा तंटा निघाला की साक्ष द्यावयास महाराला बोलावीत, कारण शीव त्यालाच ठाऊक. पण त्याचे स्वतःचे घर पांढरीवर नसे, गावकुसाबाहेर असे. ज्या पांढरीवर त्याला घर बांधता येत नव्हते, त्या पांढरीच्या पोटात काय होते हे तेरच्या संग्रहालयात मांडलेले आहे : दानाची परंपरा असलेले, कारागिरांचे, बाजाराचे, स्तूपाचे नगर. आपल्या तरुणांनी तेरला जावे असे आम्ही म्हणतो ते याच कारणाने. लामतुरे यांना आणून दिलेल्या वस्तूंपैकी किती वस्तू गावकुसाबाहेरच्या हातांनी मातीतून उचलल्या असतील, याची नोंद कोठे नाही. माती खणणे, गाड्या भरणे ही कामे कोण करी, हे मात्र सर्वांना माहीत आहे.

तगरच्या कारागिरांचे स्वतःचे लेख आपल्याजवळ नाहीत. त्यांचे जगणे कसे असेल हे कळण्यासाठी नाशिकच्या लेण्यांकडे जावे लागते. तेथील दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे २,००० कार्षापण दरमहा शेकडा एक टक्का व्याजाने आणि दुसऱ्या श्रेणीकडे १,००० कार्षापण पाऊण टक्क्याने कायम ठेव म्हणून ठेवले. हिशेब करून पाहण्यासारखा आहे. पहिल्या ठेवीचे वर्षाचे व्याज २४० कार्षापण होते आणि त्यातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी द्यावयाचे होते. राजाच्या जावयाने पैसा ठेवण्यासाठी विणकरांवर विश्वास टाकला. त्याच लेण्यात आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातील दुसरा लेख आहे. विष्णुदत्ता नावाच्या शक स्त्रीने, जी स्वतःला उपासिका म्हणते, आजारी भिक्खूंच्या औषधासाठी निरनिराळ्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्या. त्यांत तेलाचे घाणे चालविणारे आहेत आणि 'कुलरिक' आहेत. या शब्दाचा अर्थ काही विद्वान कुंभार असा करतात. विणकर, तेली, कुंभार हे त्या काळी आजच्या पतपेढ्यांचे काम करीत होते आणि त्यांच्या व्याजावर संघाची वस्त्रे व औषधे चालत होती. पुढच्या काळात याच धंद्यांना जातीच्या उतरंडीत कोणत्या पायरीवर बसविले गेले, ते आपण जाणतोच. पितळखोऱ्याला पैठणच्या मितदेव नावाच्या गांधिकाने दान दिले. तगरच्या विणकरांनी कोणत्या विहाराला काय दिले ते कोणत्याही भिंतीवर आपल्याला वाचता येत नाही. पण नाशिकच्या विणकरांची पत आणि तगरच्या कापडाची परदेशी कीर्ती ही एकाच काळातील आहेत.

संग्रहालयात उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी द्वारशाखाही पाहावी. कझिन्स यांना ती मंदिरात जागेवर दिसली होती. महाराष्ट्राच्या पावसात आणि वाळवीत इतके जुने लाकूड टिकणे विरळा. लेण्यांतील दगडी कमानी, तुळया आणि वासे ही लाकडी बांधकामाची नक्कल आहे, असे आपण पुस्तकांत वाचतो. कार्ल्याच्या चैत्यगृहात तर लाकडी वासे आजही छताला आहेत. जुन्या सुतारांचे काम डोळ्यांनी पाहण्याची संधी मात्र फार थोड्या ठिकाणी मिळते.

ज्या मालासाठी तगरचे नाव अलेक्झांड्रियापर्यंत गेले ते कापड मात्र या संग्रहालयात नाही. आपल्या हवेत ते टिकणे शक्यच नव्हते. ते कसे होते हे पाहावयाचे असेल तर पांढऱ्या मातीच्या मूर्तींपुढे पुन्हा उभे राहावे लागते. कमरेच्या मेखलेखाली कारागिराने तलम वस्त्राच्या दोन-चार चुण्या कोरणीने ओढलेल्या आहेत, आणि त्या इतक्या उथळ आहेत की कपाटाच्या काचेवर तिरपा उजेड पडल्याखेरीज दिसत नाहीत.